रॅपच्या धंद्यातले उपरे

सप्टेंबर १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ ही बारा इंची रेकॉर्ड बाजारात आली, तेव्हा न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात रॅपला सहा वर्षं होऊन गेली होती. कूल हर्क, ग्रँडमास्टर फ्लॅश, आफ्रिका बंबाटा ही डीजे मंडळी तिथे पोराटोरांनाही माहीत होती. मेली मेल, ग्रँडमास्टर कॅझ अशा एमसींच्या, म्हणजे माइकवर रॅप करणाऱ्यांच्या ओळी मुलांना पाठ होत्या. रेकॉर्डवर मात्र यांच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. नावं होती वंडर माइक, मास्टर जी आणि बिग बँक हँक यांची. नदीपलीकडे न्यू जर्सीत एंगलवूड नावाचं गाव आहे, तिथे हे तिघे गोळा केलेले. रॅपर म्हणून ब्रॉन्क्समध्ये त्यांना कुणी ऐकलेलं नव्हतं, आणि हँक तर पिझ्झाच्या दुकानात कामाला होता. ‘शुगरहिल गँग’ हे नावसुद्धा रेकॉर्डच्या निमित्तानेच जन्माला आलं. ही रेकॉर्ड अमेरिकेच्या हॉट १०० यादीत ३६व्या क्रमांकापर्यंत गेली, ब्रिटनमध्ये तिसऱ्या. त्याआधी रॅपला पैसा मिळत होता तो मुख्यतः दारावरच्या तिकिटाचा. दुकानात विकला जाणारा माल म्हणून त्याचं दणक्यात खातं उघडलं ते या तीन उपऱ्यांनी.

या प्रसंगाकडे बघण्याच्या दोन तऱ्हा रूढ आहेत. एक परीकथेची: पिझ्झा भाजणारा पोरगा रातोरात गाजला, तेव्हा नशीब असेल तर कुणाचंही भलं होतं. दुसरी फिर्यादीची: ब्रॉन्क्सच्या पोरांनी कला घडवली आणि बाहेरच्यांनी ती लाटली. पहिली भाबडी आहे. दुसरीत बरंच तथ्य आहे, पण बाहेरच्यांना ती लाटता आली कशी आणि आतले लोक सहा वर्षं काय करत होते, हे त्या फिर्यादीतून कळत नाही. माझं म्हणणं असं की रॅपची कला आणि रॅपचा धंदा या गोष्टी वेगवेगळ्या ठिकाणी आणि वेगवेगळ्या माणसांकडून शिकायच्या होत्या. कला शिकायला ब्रॉन्क्सची मैदानं आणि इमारतींच्या तळमजल्यावरचे हॉल पुरेसे होते. धंद्याला लागत होता रेकॉर्ड छापणारा कारखाना, माल उचलून गावोगाव पोचवणारा वितरक, रेडिओवरची ओळख आणि बाजारात अडकलेला पैसा सोडवून आणायची धमक. यातलं काही ब्रॉन्क्सच्या कलावंतांच्या हाताशी नव्हतं. रॅपच्या इतिहासात ज्यांना आपण अनपेक्षित नवखे म्हणतो, ते बहुतेक कलेत नवखे आणि धंद्यात मुरलेले होते, नाहीतर अशा मुरलेल्या कुणाचं तरी बोट धरून आलेले होते. धंद्यातले खरे नवखे म्हणजे ब्रॉन्क्सचे उस्ताद.

आधी त्या उस्तादांकडे बघू. ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक अ‍ॅव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत सिंडी कॅम्पबेल या मुलीने पार्टी ठेवली. शाळा उघडायच्या आत नव्या कपड्यांचे पैसे उभे करायचे होते. तिकीट मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५०. रेकॉर्डी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे जमैकाहून लहानपणी आलेला कूल हर्क. गाण्यात मधेच बाकी वाद्यं थांबून नुसता ताल उरतो, त्या तुकड्याला ब्रेक म्हणतात; नाचणारे त्याचीच वाट बघतात हे हर्कने हेरलं. एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर ठेवून तो तुकडा हवा तेवढा लांबवायची युक्ती त्याने रुळवली, आणि त्यावर माइकवरून नाचणाऱ्यांना चेव आणणारे शब्द आले. पुढच्या सहा वर्षांत या शब्दांची कारागिरी अफाट वाढली, पण पैशाचं गणित सिंडीच्या पार्टीचंच राहिलं. दारावर तिकीट घ्यायचं, हॉलचं भाडं द्यायचं, उरेल ते वाटून घ्यायचं. पार्ट्यांच्या कॅसेटी निघत, हातोहात विकल्या जात, आणि चांगला स्पीकर असलेला डीजे शेजारच्या डीजेला भारी पडे. या गणितात रेकॉर्ड ही विकायची वस्तू नव्हतीच. रेकॉर्ड म्हणजे हत्यार, आणि ते दुसऱ्याच्या कारखान्यात घडलेलं.

म्हणून कुणी रेकॉर्ड काढूया म्हणालं तर फ्लॅशसारख्याला त्यात दम वाटेना. दुसऱ्यांच्या रेकॉर्डी वाजवून त्यावर चाललेली बोलबाच्चन पुन्हा रेकॉर्डवर ऐकायला पैसे कोण मोजणार, असं वाटून आपण विचारणा परतवून लावल्या, हे त्यानेच पुढे सांगितलं आहे. ‘पब्लिक एनिमी’ या रॅप गटाचा चक डी त्या काळात श्रोता होता; तीन तासांची पार्टी एका रेकॉर्डवर मावणार कशी, असा प्रश्न आपल्याला पडला होता, असं तोही सांगतो. याला अडाणीपणा म्हणणं सोपं आहे. पण मराठी वाचकाला हा पवित्रा अनोळखी वाटू नये. भास्करबुवा बखले आणि अल्लादिया खाँ यांचं एकही ध्वनिमुद्रण आपल्याकडे नाही. तासभर फुलणारा ख्याल तीन मिनिटांच्या तबकडीत कोंबणं त्या पिढीतल्या अनेकांना गैर वाटत होतं. ग्रामोफोन कंपनीचे लोक १९०२ मध्ये कलकत्त्याला आले तेव्हा गायिका गौहर जान मात्र पुढे झाली आणि तिचं नाव घरोघर गेलं. ज्याचं सगळं बळ मैफलीत असतं, त्याला मैफलीबाहेरच्या बाजाराची गरज सगळ्यात उशिरा कळते. त्यात त्याच्या अकलेचा दोष काढण्याजोगं काही नाही, कारण आहे ती कमाई त्याला दिसत असते आणि होऊ शकणारी दिसत नसते.

सिल्व्हिया रॉबिन्सनला ती दिसली. हार्लेममध्ये जन्मलेली सिल्व्हिया किशोरवयातच ‘लिटल सिल्व्हिया’ या नावाने रेकॉर्डी गाऊ लागली होती. ‘मिकी अँड सिल्व्हिया’ या जोडीचं ‘लव्ह इज स्ट्रेंज’ १९५६ मध्ये निघालं आणि गाजलं, आणि १९७३ मध्ये ‘पिलो टॉक’ने तिला एकटीला पुन्हा यश दिलं. नवरा जो रॉबिन्सन याच्यासोबत ती एंगलवूडमध्ये ‘ऑल प्लॅटिनम’ ही रेकॉर्ड कंपनी आणि स्वतःचा स्टुडिओ चालवत होती. १९७९ मध्ये ती कंपनी बुडीत निघाली होती. म्हणजे या बाईकडे तेव्हा स्टुडिओ होता, वादक होते, वितरकांच्या ओळखी होत्या, पाव शतकाचा अनुभव होता, आणि विकायला काहीच नव्हतं. हार्लेम वर्ल्ड या क्लबातल्या एका पार्टीत तिने लव्हबग स्टार्स्कीला माइकवर ऐकलं, समोरची गर्दी त्याच्या प्रत्येक हाकेला ओ देत होती, आणि विकायला काय आहे हे तिच्या ध्यानात आलं. रॅप येणारी पोरं शोधायला तिने मुलगा जोई याला कामाला लावलं. एंगलवूडच्या क्रिस्पी क्रस्ट या पिझ्झाच्या दुकानाबाहेर गाडी उभी राहिली, आतून हँक आला, गाडीत बसला आणि टेपवरच्या ठेक्यावर म्हणू लागला. तिथेच बाकीचे दोघेही हजर झाले. कुणाला घ्यावं हे ठरेना तेव्हा सिल्व्हियाने तिघांनाही घेतलं. त्या उन्हाळ्यात ‘शीक’ या बँडचं ‘गुड टाइम्स’ पहिल्या क्रमांकावर होतं. त्याचा ठेका स्टुडिओत वादकांकडून वाजवून घेतला आणि त्यावर साडेचौदा मिनिटांचं रॅप चढवलं. भांडवल मॉरिस लेव्हीकडून आलं. न्यू यॉर्कच्या रेकॉर्डव्यवसायात लेव्ही हे बडं प्रस्थ होतं, आणि त्याच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. नव्या कंपनीला नाव दिलं हार्लेममधल्या उच्चभ्रू वस्तीचं, शुगर हिल.

एवढा तपशील दिला तो एका कारणासाठी. यात हँकचं नशीब आहे तेवढंच: गाडी त्याच्या दुकानाशी थांबली. बाकी सगळं या धंद्यात मुरलेल्या एका बाईने केलं. साडेचौदा मिनिटांची रेकॉर्ड कुणी रेडिओवर लावणार नाही असं म्हटलं जात होतं. ती कुणाकडे न्यायची आणि कशी लावून घ्यायची हे तिला ठाऊक होतं. ब्रॉन्क्समधला सर्वोत्तम एमसी तिच्या जागी असता तर मास्टर टेप काखोटीला मारून तो कुणाच्या दारात उभा राहिला असता?

आता फिर्याद. हँक हा ग्रँडमास्टर कॅझच्या गटाचं काम बघणारा, म्हणजे एक प्रकारचा व्यवस्थापक होता. त्यांच्या ध्वनियंत्रणेचे हप्ते फेडता यावेत म्हणून तो पिझ्झा भाजत होता, आणि भाजताना कॅझच्या कॅसेटी ऐकत होता. रेकॉर्डची संधी आली तेव्हा त्याने कॅझकडून त्याच्या ओळी मागून घेतल्या. कॅझने दिल्या, वहीच पुढे केली म्हणतात. यातून काही होईल असं त्यालाही वाटलं नव्हतं. हँकने त्या इतक्या जशाच्या तशा उचलल्या की कॅझचं जुनं नाव ‘कॅसानोव्हा फ्लाय’ एकेक अक्षर करत सांगणारा तुकडाही रेकॉर्डवर तसाच राहिला. हँक जगापुढे स्वतःचं म्हणून दुसऱ्याचंच नाव सांगून मोकळा झाला. कॅझला ना श्रेय मिळालं, ना पैसा. हा अन्याय आहे, आणि ‘तेव्हा सगळेच एकमेकांच्या ओळी वापरत’ असं म्हणून तो उडवून लावता येत नाही. पण त्याच रेकॉर्डने दुसरीही उचल केली होती, ‘गुड टाइम्स’च्या ठेक्याची. ‘शीक’चा नाइल रॉजर्स याने ती रेकॉर्ड एका क्लबात ऐकली, वकिलाची भाषा सुरू केली, आणि तडजोडीत रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांची नावं गीतकार-संगीतकार म्हणून लागली. ठेका गेला तो परत मिळाला, शब्द गेले ते गेलेच. कारागिरीत कॅझ उणा होता म्हणून हे घडलं नाही. रॉजर्सकडे नोंदलेले हक्क होते, वकील होता, मोठी कंपनी पाठीशी होती. कॅझकडे वही होती. ज्याच्या हाती ससा तो पारधी, हा या धंद्याचा कायदा होता, आणि ससा हातात असल्याचा दाखला कुठल्या कचेरीत मिळतो हे ब्रॉन्क्समध्ये कुणी कुणाला शिकवलेलं नव्हतं.

यावर आक्षेप येईल की मी एका योगायोगावर सिद्धांत रचतो आहे. सिल्व्हियाच्या जरा आधी फॅटबॅक बँडची ‘किंग टिम थर्ड’ ही रॅप असलेली रेकॉर्ड निघालीच होती, आणि काही महिन्यांत कर्टिस ब्लोची ‘ख्रिसमस रॅपिन’ आली. हे खरं आहे, आणि माझ्या म्हणण्याला बळच देतं. फॅटबॅक हा बरीच वर्षं रेकॉर्डी काढत असलेला फंक बँड. कर्टिस ब्लोची रेकॉर्ड काढणाऱ्या रॉबर्ट फोर्ड आणि जे. बी. मूर या दोघांनीही कधी रॅप केलं नव्हतं. ते ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकातले. फोर्ड वार्ताहर, मूर जाहिरात विभागातला. नाताळची गाणी दरवर्षी नव्याने खपतात हे साधं व्यापारी शहाणपण त्यांना होतं. ब्लो अस्सल हार्लेमचा आणि मैफलीत तयार झालेला, पण मर्क्युरीसारख्या बड्या कंपनीचं दार त्याच्यासाठी उघडलं ते आकडे वाचणाऱ्या या दोघांनी. फ्लॅश आणि त्याच्या ‘फ्यूरियस फाइव्ह’ची पहिली रेकॉर्डही १९७९ ची. ती काढली हार्लेमच्या १२५व्या रस्त्यावर १९४६ पासून दुकान थाटून बसलेल्या बॉबी रॉबिन्सनने. तिथून ते सिल्व्हियाच्या कंपनीत गेले. १९८२ मध्ये ‘द मेसेज’ गाजलं तेव्हा रेकॉर्डवर फ्लॅशचं नाव मोठं होतं आणि आत त्याचं कामच नव्हतं. गाणं स्टुडिओतल्या एड फ्लेचरने आणि मेली मेलने रचलेलं. पुढच्याच वर्षी फ्लॅश कंपनीविरुद्ध कोर्टात गेला. टर्नटेबलावर जो राजा होता त्याच्या नावाची पाटी दुसऱ्याच्या मालावर लागली, आणि लावणारी पुन्हा कंपनीच.

पुढच्या दशकातले कारभारी पाहिले तर कधीकधी हसू येतं. ‘टॉमी बॉय’ ही कंपनी टॉम सिल्व्हरमनने १९८१ मध्ये काढली, नृत्यसंगीताचं पत्रक चालवता चालवता. ‘डेफ जॅम’चा पत्ता काही काळ न्यू यॉर्क विद्यापीठाचं वसतिगृह होता, रिक रुबिन तिथला विद्यार्थी, आणि त्याचा भागीदार रसेल सिमन्स मात्र आधीपासून कर्टिस ब्लोचं काम पाहणारा. रुबिनच्याच हाताखाली ‘बीस्टी बॉइज’ या तीन गोऱ्या पोरांचा १९८६ चा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला येणारा पहिला रॅप अल्बम ठरला. लॉस एंजेलिसमध्ये मॅकोला नावाचा रेकॉर्ड छापणारा कारखाना होता. रोख पैसे आणाल तर काहीही छापून मिळे, म्हणून तिथल्या रॅपची पहिली पिढी त्या दारातून बाहेर पडली. आणि ‘प्रायॉरिटी’ या ज्या कंपनीने एन.डब्ल्यू.ए.सारख्या पोलिसांना अंगावर घेणाऱ्या गटाच्या रेकॉर्डी देशभर पोचवल्या, त्या कंपनीच्या गल्ल्यात आधी पैसा आला होता तो मनुकांच्या जाहिरातीतून. कॅलिफोर्नियाच्या मनुका उत्पादकांनी टीव्हीवर नाचणाऱ्या मनुका आणल्या होत्या. त्यांच्या गाण्यांचा अल्बम या कंपनीने दहा लाखांवर खपवला. अमेरिकेला हादरवणाऱ्या संगीतामागे बेदाण्यांचं भांडवल असावं, हे कादंबरीकाराने लिहिलं असतं तर आपण ओढूनताणून केलं म्हटलं असतं.

यातले बरेच जण गोरे होते, तेव्हा हा सगळा वर्णभेदाचा मामला आहे आणि धंद्याच्या कौशल्याची चर्चा म्हणजे त्यावर घातलेलं पांघरूण, असा आक्षेप घेता येईल. तो मला अर्धा मान्य आहे. बँकेचं कर्ज, वकील, आईवडिलांकडून उसने मिळणारे चार पैसे, यांचं वाटप अमेरिकेत रंग बघूनच झालेलं होतं, आणि गोऱ्या विद्यार्थ्याच्या खोलीतली कंपनी ही गंमत ठरते तशी ब्रॉन्क्सच्या पोराच्या खोलीतली ठरत नाही. पण पायाचे दगड पाहा. सिल्व्हिया, जो आणि बॉबी हे तिन्ही रॉबिन्सन कृष्णवर्णीय, रॉबर्ट फोर्डही कृष्णवर्णीय. ब्रॉन्क्सच्या कलावंतांशी त्यांचं वागणं गोऱ्या मालकांपेक्षा मवाळ होतं असं दिसत नाही. कॅझचं आणि फ्लॅशचं जे झालं ते त्यांच्याच अंगणात. रंगामुळे दारं कमी होती. दारात उभा राहणारा माणूस आपला असला तरी किल्ली तो स्वतःकडेच ठेवत होता.

याहून वजनदार आक्षेप स्वबळावर आलेल्यांचा. एम.सी. हॅमर पोरसवदा वयात ओकलंडच्या बेसबॉल संघात वरकाम करत होता. त्याच संघातल्या दोन खेळाडूंनी त्याला प्रत्येकी २०,००० डॉलर उसने दिले, आणि आपल्या रेकॉर्डी तो गाडीच्या डिकीतून विकत फिरला. १९९० चा त्याचा अल्बम २१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. पर्सी मिलर ऊर्फ मास्टर पी याने आजोबांच्या मृत्यूनंतर मिळालेल्या १०,००० डॉलरमध्ये कॅलिफोर्नियातल्या रिचमंड गावी रेकॉर्डीचं दुकान टाकलं. त्यांना कुणी सिल्व्हिया भेटली नव्हती, हे कबूल. पण मिलरने आधी काय केलं ते पाहा: गल्ल्यावर बसून त्याने गिऱ्हाईक काय मागतं, कुठला माल पडून राहतो, वितरक किती कापून घेतो हे शिकून घेतलं. नंतर प्रायॉरिटीशी करार करताना त्याने मास्टर टेपांची मालकी सोडली नाही आणि उत्पन्नाचा ८५ टक्के वाटा स्वतःकडे ठेवला. तोपर्यंत मोजमापही बदललं होतं. १९९१ पासून ‘बिलबोर्ड’ची यादी दुकानदारांच्या सांगोवांगीऐवजी गल्ल्यावरच्या प्रत्यक्ष विक्रीतून तयार होऊ लागली, आणि काही आठवड्यांतच रेडिओने वाळीत टाकलेला एन.डब्ल्यू.ए.चा अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. गिऱ्हाईक आधीही होतं, मोजणाऱ्यांना ते दिसत नव्हतं. हॅमर आणि मिलर यांनी धंद्याची विद्या टाळली नाही. ती दुसऱ्याकडून उधार घेण्याऐवजी स्वतः गिरवली.

मधल्या काळात एक उलटापालटही झाली. १९७९ मध्ये हँकला ‘तू कुठला’ हे कुणी विचारलं नाही. १९९० मध्ये व्हॅनिला आइस हा गोरा रॅपर गाजला तेव्हा त्याच्या प्रसिद्धीपत्रकात उनाड बालपणाच्या फुगवलेल्या कहाण्या घातल्या होत्या, आणि वर्तमानपत्रांनी त्या उघड्या पाडल्यावर त्याची पत घसरली ती कायमची. आता गल्लीतला जन्म हाच मालाचा छाप झाला होता, त्यामुळे उपऱ्याला आतला असल्याचं सोंग आणावं लागे किंवा भक्कम जामीनदार शोधावा लागे. एमिनेमला १९९९ मध्ये पूर्वी एन.डब्ल्यू.ए.त असलेल्या डॉ. ड्रेसारखा जामीनदार मिळाला. एमिनेमची कारागिरी वादातीत आहे. तरी ड्रेने हमी दिली नसती तर डेट्रॉइटचा हा गोरा पोरगा दुसरा व्हॅनिला आइस म्हणून निकाली निघाला असता, असं मानायला जागा आहे.

उरला आजचा आक्षेप: फोन आल्यावर दारंच राहिली नाहीत, मग जुन्या धंद्याच्या इतिहासाचं काय करायचं? याचं उत्तर मुंबईत आणि पुण्यात तपासता येतं, कारण तिथल्या रॅपचे धागे थेट न्यू यॉर्कला जाऊन भिडतात. कुर्ल्याच्या नेझी या रॅपरने २०१४ मध्ये ‘आफत’ हे गाणं आयपॅडवर तयार करून यूट्यूबवर टाकलं. त्याला कारखाना लागला नाही, स्टुडिओही लागला नाही. पण २०१५ चं ‘मेरे गली में’ हे त्याचं आणि अंधेरीच्या डिव्हाइनचं गाणं आलं ते सोनी म्युझिककडून, आणि घराघरांत ही नावं पोचली ती २०१९ च्या ‘गली बॉय’ या हिंदी चित्रपटाने, ज्याच्या कार्यकारी निर्मात्यांत न्यू यॉर्कचा रॅपर नास होता. पुण्याच्या ताडीवाला रोडवरून आलेल्या एम.सी. स्टॅनची गाणी लाखोंनी ऐकली जात होती. रॅप न ऐकणाऱ्या घरांत तो शिरला २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकून. गाणं करणं आणि लोकांपुढे टाकणं खरोखर फुकटात पडू लागलं आहे. पोचवणं, मोजणं आणि वसूल करणं अजून कंपन्यांच्याच हातात आहे, फक्त पाट्या बदलल्या आहेत. हे डिव्हाइनला लवकर उमगलेलं दिसतं. २०१९ मध्ये नासच्या ‘मास अपील’ची भारतीय शाखा निघाली तेव्हा करारबद्ध होणारा पहिला कलावंत तो होता, आणि त्याच वर्षी त्याने ‘गली गँग’ ही स्वतःची कंपनी काढून दुसऱ्या रॅपरांशी करार करायला सुरुवात केली.